मुलीची नववी, नवऱ्याचं पाचारण आणि जूनची घाई

नमस्कार ताई,

तुमचं पत्र मोठं आहे. इतर वाचकांसाठी ते आधी थोडक्यात सांगते. तुम्ही जुळे सोलापुरात राहता, बी.एड. करून एका विनाअनुदानित इंग्रजी शाळेत विज्ञान शिकवता. मिस्टर अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या टॉवेलच्या कारखान्यात 16 वर्षं अकाउंट्स बघतात. नीलगिरीतल्या एका ख्रिस्ती निवासी शाळेनं त्यांना लहान मुलग्यांच्या होस्टेलचे हाउस पेरेंट (तिथेच राहून मुलांना आई-वडिलांसारखं सांभाळणारे) म्हणून बोलावलंय, सोबत निम्मा दिवस हिशेबाचं काम. राहणं-जेवण शाळेकडे, दोन्ही मुलांची फी माफ, मानधन आत्ताच्या पगाराच्या निम्म्याहून कमी. मिस्टरांना हे प्रभूचं पाचारण वाटतं, पाळकांनी चर्चच्या मंडळीत प्रार्थना केली, सासरे खूश आहेत. मुलगी नववीत, तिला डॉक्टर व्हायचंय, मुलगा चौथीत. जूनमध्ये निघायचं घाटतंय. आणि तुम्ही विचारता, "मी नाही म्हटलं, तर देवाच्या कामात आडवी आले असं होईल का?"

याचं उत्तर मी द्यायचं नाही, ते पाळकांना विचारा. पण याच जूनमध्ये का, हे मी नक्की विचारणार.

आधी मुलीचं बोलू, कारण बाकी सगळं तिच्यावर अडलंय. ती आपल्या राज्य बोर्डात आहे आणि ती शाळा आयसीएसई. त्या बोर्डात नववी-दहावी हा दोन वर्षांचा एकच अभ्यासक्रम असतो आणि परीक्षेची नोंदणी नववीतच होते. नववी इथे करून थेट दहावीत बसायचं म्हणजे बोर्डाची खास परवानगी, वर नवी पुस्तकं, नवं गाव, नवी थंडी. शाळेनं "बघू, करून घेऊ" म्हटलं असेल, तर ते लेखी मागा.

त्याहून मोठी अडचण पुढे आहे, तिचा तुमच्या पत्रात उल्लेखही नाही. महाराष्ट्रातल्या सरकारी मेडिकल कॉलेजांत 85 टक्के जागा राज्याच्या कोट्यातल्या असतात. त्यासाठी अधिवास दाखला तर लागतोच, शिवाय दहावी आणि बारावी दोन्ही महाराष्ट्रातून पास व्हावी लागते. सूट आहे, पण ती ठरावीक सरकारी नोकरांच्या मुलांना. तुम्ही त्यात बसत नाही. मग तमिळनाडूच्या कोट्यात? तिथे बाहेरून आलेल्यांना सहावी ते बारावी तमिळनाडूत शिकल्याची अट असते. म्हणजे तेलही गेलं, तूपही गेलं. उरतात अखिल भारतीय कोट्याच्या 15 टक्के जागा आणि खासगी कॉलेजांची फी. निम्म्या मानधनात ती कुठून भरणार? इंजिनिअरिंगला इतकं कडक नाही. तिथे बारावी बाहेरून झाली तरी आई-वडिलांच्या अधिवासावर राज्याच्या जागांसाठी अर्ज करता येतो. म्हणून मुलीला खरंच डॉक्टर व्हायचंय, की घरात सगळे म्हणतात म्हणून ती म्हणते, हे एकदा तिच्याशी निवांत बसून बोला. सासरे समोर नसताना.

मुलाची मला काळजी नाही. पाचवीत जाणारं पोर कुठेही रुजतं, आणि सोलापूरच्या पोराच्या कानावर तेलुगू-कन्नड रोजच पडते, तमिळलाही तो दबकणार नाही. मराठी वाचन मात्र घरी चालू ठेवा.

आता त्या कामाबद्दल. तुमचे सासरे नगरच्या मिशन बोर्डिंगमध्ये शिकले, "बोर्डिंगनं मला माणूस केलं" असं ते म्हणतात. खरंच आहे. अमेरिकन मराठी मिशननं 1831 मध्ये नगरला ठाणं केलं आणि त्यांच्या बोर्डिंगांतून खेड्यापाड्यातल्या कित्येक पिढ्या शिकल्या. पण डोंगरावरच्या शाळांची गोष्ट निराळी. कोडाईकनालची शाळा 1901 मध्ये निघाली ती मिशनऱ्यांच्या मुलांसाठी. आज अशा बहुतेक शाळांत चांगल्या ऐपतीच्या घरची मुलं असतात. ही सेवा कमी मोलाची आहे असं मी म्हणत नाही. आई-वडिलांपासून दूर असलेलं आठ वर्षांचं मूल श्रीमंताचं असलं तरी रात्री रडतंच. फक्त सासऱ्यांच्या आठवणीतलं बोर्डिंग आणि हे बोर्डिंग एकच समजून निर्णय घेऊ नका.

आणि रात्रीचंच म्हणाल तर हाउस पेरेंटचं खरं काम तेव्हाच कळतं. सत्राच्या पहिल्या पंधरवड्यात कुणाची ना कुणाची गादी ओली होते. पहाटे घंटेच्या आधी, बाकीची मुलं जागी व्हायच्या आत, ती चादर उचलायची, पोराला गरम पाण्यानं पुसायचं, कोरडे कपडे चढवायचे आणि दिवसभर त्या विषयाचा चकार शब्द काढायचा नाही. कुणाला ताप, कुणाचा डबा हरवलेला, कुणाचा घरून फोन नाही. वर औषधांची नोंदवही. सुट्टीचा वार असतो, पण त्या दिवशीही दारावर थाप पडते. मिस्टरांना मुलांची हौस आहे असं तुम्ही लिहिता. छान. पण हे काम एकट्या माणसाचं नाही, आणि शाळेलाही ते पक्कं ठाऊक असतं. त्यांच्या पत्रात तुमच्यासाठी काय लिहिलंय? "पत्नीनं सहकार्य करावं." बस्स. ताई, हे सहकार्य म्हणजे बिनपगारी पूर्णवेळ नोकरी आहे. मला राग आला तो इथे.

तेव्हा तुमचं नेमणूकपत्र वेगळं हवं. बी.एड. विज्ञान शिक्षिकेची त्या शाळेला गरज असणारच. शिकवण्याचे तास किती, होस्टेलचं काम किती, पगार किती, रजा किती, सगळं तुमच्या नावानं. निवासी आयसीएसई शाळेचा अनुभव पुढे सोलापुरात, पुण्यात कुठेही चालतो, पण अनुभवाचा दाखला "अमुक यांच्या पत्नी" म्हणून मिळत नाही. जायच्या आधी सीटीईटी, म्हणजे केंद्रीय शिक्षक पात्रता परीक्षा, देऊन टाका. त्याचं प्रमाणपत्र आता आयुष्यभर चालतं. मिस्टरांच्या पत्रातही हिशेबाचं पद स्पष्ट हवं, नाहीतर पाच वर्षांनी परत आल्यावर 16 वर्षांच्या अनुभवाचा अकाउंटंट "वॉर्डन" म्हणून ओळखला जाईल.

शाळेला आणखी एक विचारा: बालसुरक्षेचं धोरण लेखी आहे का? रात्री मुलांच्या खोलीत एकटा मोठा माणूस जाऊ शकतो का? तक्रार कुणाकडे करायची? पोक्सो कायद्यानं (2012) मुलांवरच्या लैंगिक अत्याचाराचा गुन्हा कळला की पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे, मग तो वरिष्ठाविरुद्ध असो. "आपल्यात मिटवून टाकू" हा सूर तिथे ऐकू आला, तर पाचारण असो नसो, ते घर तुमचं नाही.

पैशाचं थोडक्यात. पीएफ काढू नका, त्याच यूएएनवर (पीएफच्या कायमच्या नंबरवर) पुढे न्या. पेन्शनला लागणारी 10 वर्षांची नोकरी झालीये, ती घालवू नका. मानधन फीमधून येतं की देणग्यांतून, ते विचारा. परदेशी देणग्यांतून येत असेल, तर संस्थेच्या एफसीआरए (परदेशी देणग्यांच्या कायद्याखालच्या) नोंदणीचं दर पाच वर्षांनी नूतनीकरण लागतं, ते कधी झालं तेही विचारा. फुकट घर आणि फी माफी करपात्र ठरू शकते, हे मिस्टरांना मी सांगायला नको. आणि फ्लॅट विकायचं मनातून काढा. भाड्यानं द्या.

मग करायचं काय? माझं मत: या जूनमध्ये जाऊ नका. शाळेला एक वर्ष थांबायला सांगा. चांगल्या शाळा माणसासाठी थांबतात. मुलीची दहावी इथे होऊ दे. मेडिकलचा हट्ट खरा नसेल, तर पुढच्या जूनमध्ये ती तिथे अकरावीला स्वच्छ सुरुवात करू शकते, कारण ते दोन वर्षांचं नवं चक्र असतं. हट्ट खरा असेल, तर बारावीपर्यंत महाराष्ट्र सोडू नका. तिला आजी-आजोबांकडे ठेवून जायचा पर्याय तुम्ही लिहिलाय. दुसऱ्यांची चाळीस मुलं सांभाळायला जाताना आपली सोलापुरात ठेवायची, हे मला पटत नाही. त्यापेक्षा पाचगणी-देवळालीकडे बघा. ख्रिस्ती निवासी शाळा तिथेही आहेत आणि मुलगी महाराष्ट्रातच राहील. शाळा बारावीपर्यंत आहे का, तेवढं आधी बघून घ्या.

आणि मधल्या वर्षात नीलगिरीला एकदा जाऊन या, चौघंही. कोइमतूर गाडी सोलापुरावरूनच जाते. जाल ते शाळा भरलेली असताना. सुट्टीत रिकाम्या इमारती आणि सुंदर डोंगर दिसतात. होस्टेलच्याच आवारात राहा, आणि आधीच्या हाउस पेरेंटनी काम का सोडलं, ते शाळेला नाही, त्यांना फोन करून विचारा.

शाळेला मुदतीचं पत्र लिहाल, त्यावर सही दोघांची असू दे.