हौशी रंगकर्मींनी आधी काय वाचावे?

आपण नुकतेच हौशी नाट्यसंस्थेत आला आहात, तेव्हा पुस्तकांची लांबलचक यादी बाजूला ठेवून आधी नाटकांच्या संहिताच वाचा, आणि त्याही मोठ्याने, चार जणांत भूमिका वाटून घेऊन; कारण मनात वाचताना सुंदर वाटणारे वाक्य तोंडात कुठे अडखळते, हे एरवी कळतच नाही. त्यानंतर दोनच पुस्तके पुरेत:

- व्हायोला स्पोलिन यांचे ‘इम्प्रोव्हायझेशन फॉर द थिएटर’ (१९६३). यातील उत्स्फूर्त अभिनयाचे खेळ तालमीत करून पाहायचे आहेत.
- पीटर ब्रुक यांचे ‘द एम्प्टी स्पेस’ (१९६८). प्रकरणे चारच, पण दिग्दर्शनाकडे वळायचे असेल तर टाळू नये.

नवोदित बहुधा रशियन दिग्दर्शक स्तानिस्लाव्हस्की यांच्या, भूमिकेची भावना आतून शोधायला सांगणाऱ्या अभिनयपद्धतीपासून सुरुवात करतात आणि पहिल्याच तालमीत भावनेच्या मागे लागून संवाद विसरतात (मीही विसरलो होतो); तो अभ्यास एकदोन प्रयोग झाल्यावर करावा.