साताऱ्यातल्या जुन्या हायस्कूलचं ग्रंथालय नेमकं कधी सुरू झालं, हे कसं शोधायचं?

ग्रंथालयाच्या दाखल नोंदवहीपासून सुरुवात करा. पुस्तकावरच्या छपाईच्या सालावर विसंबू नका, कारण १९१०ची प्रत १९५०मध्ये देणगीतही आलेली असते. वहीतली पहिली पंचवीस-तीस पानं पाहा: दाखल क्रमांक, तारीख, कुठून आलं, किंमत. किंमत रुपये-आणे-पैत असेल तर ती नोंद बहुधा १ एप्रिल १९५७च्या, म्हणजे दशमान नाणी येण्याच्या, आधीची. जुने हिशेब काही वर्षं रेंगाळले, म्हणून ‘बहुधा’. मग त्याच क्रमांकाचं पुस्तक काढून आतला शिक्का बघा. शाळेचं नाव बदललं असेल तर शिक्क्यात जुनंच सापडतं.

पण एक अडचण: वाळवी लागली की वही नव्याने उतरवून काढत. सगळी पानं एकाच शाईत, एकाच हातात असतील तर ती नक्कल समजा. पहिली तारीख म्हणजे स्थापना नव्हे. अशा वेळी शाळेचं जनरल रजिस्टर, म्हणजे विद्यार्थ्यांच्या प्रवेशाची वही, आणि जुनी खर्चाची खाती ताडून बघा. जनरल रजिस्टर वाचतानाही सावध राहा. साताऱ्याच्या प्रतापसिंह हायस्कूलात डॉ. आंबेडकरांच्या प्रवेशाची नोंद १९१४ क्रमांकावर आहे, आणि घाईत वाचणारे तो आकडा साल समजतात; प्रवेश ७ नोव्हेंबर १९००चा.