काय सोडायचं ते आधी ठरव

चि.,
अ. उ. आ.

तुझ्या मुलींच्या फुटबॉल संघाचा बचाव कसा मांडायचा, हे विचारणारा तुझा निरोप मिळाला आणि सोबतची तीन चित्रंही पाहिली. एकात चौघींची बचावफळी, एकात तिघींची, एकात पाचजणींची, आणि खाली प्रश्न, ‘सर, यातलं बरोबर कुठलं?’ पोरी, तिन्ही चित्रं नीट काढली आहेस. पण समोरच्या संघाला तू काय द्यायला तयार आहेस, ते एकातही दिसत नाही. पूर्ण मापाचं मैदान १०५ मीटर लांब आणि ६८ मीटर रुंद, आणि गोलरक्षक सोडली तर तुझ्याकडे दहाजणी. सगळं झाकता येत नाही, काहीतरी उघडं राहणारच. ते ठरवून उघडं ठेवलंस तर तिथे काय होणार हे तुला आधीच माहीत असतं. नकळत राहिलं तर ते गोल झाल्यावर कळतं.

म्हणून काय सोडायचं ते आधी ठरव. चार की तीन, हे त्यानंतर.

इटलीचा प्रशिक्षक आरिगो साक्की, त्याच्या एसी मिलान क्लबचे जुने सामने तू बघतेयस, त्याचा मला आनंद आहे. पण तू बचावपटूंची रेषा बघतेयस, आणि मला तुला त्या रेषेच्या मागची मोकळी जागा दाखवायची आहे. १९८७ मध्ये साक्की मिलानला आला, तेव्हा इटलीत बचाव म्हणजे प्रत्येकाने आपापला माणूस धरायचा आणि सगळ्यांच्या मागे एक लिबेरो राखणीला ठेवायचा. मिलानचा बचावपटू फ्रँको बरेसी स्वतः लिबेरोच होता. साक्कीने तो मागचा माणूस काढून रेषेत आणला. सगळ्यात मागच्या खेळाडूपासून सगळ्यात पुढच्यापर्यंत साधारण २५ मीटर अंतर, त्यात संघ एकत्र वर सरकणार आणि एकत्र मागे येणार. यात त्याने काय सोडलं? पाठीमागचं अर्धं मैदान सोडलं, तेही राजीखुशीने! तिथे चेंडू टाकायला समोरच्याला वेळच मिळू नये, म्हणून चेंडूवर सतत दबाव हवा होता. दबाव हवा म्हणून गुलिट आणि व्हॅन बास्टेनसारख्या आघाडीच्या खेळाडूंनाही बचाव करावा लागला. म्हणजे एक गोष्ट सोडण्याच्या निर्णयातून अकराही जणांचं काम ठरलं. त्या पहिल्याच हंगामात मिलान लीग जिंकलं आणि ३० सामन्यांत फक्त १४ गोल खाल्ले.

सरावात तो गोलरक्षक गाली आणि तासोत्ती, बरेसी, कोस्ताकुर्ता, मालदिनी या पाचजणांना दहाजणांविरुद्ध खेळवायचा. पाचजणांनी चेंडू जिंकला, की दहाजणांनी पुन्हा आपल्या अर्ध्यातून सुरुवात करायची. त्या दहांना गोल करता येत नसे. तुझ्या मुलींकडून हा सराव जरूर करून घे, पण हे पाचजण कुठल्या जागा दहाजणांना खुशाल वापरू देत होते, ते आधी त्यांना सांग. नाहीतर नुसती धावपळ होईल.

आणखी एक गोष्ट नकला करणारे विसरतात. शेवटून दुसऱ्या बचावपटूच्या बरोबरीने उभा असलेला आघाडीचा खेळाडूही १९९० पर्यंत ऑफसाइड धरला जात असे, म्हणजे पास निघताना तो नियमबाह्य जागी ठरे आणि खेळ थांबे. म्हणजे साक्कीने ती जागा सोडली, तेव्हा नियम त्याच्या बाजूने होता. तुझ्या स्पर्धेत नियम आजचा, बरोबरीने उभी असलेली ऑफसाइड नाही, आणि व्हिडिओ तपासणारं कुणी नाही. लाइनमनचा झेंडा वर गेला नाही की खेळ पुढे गेला. तरीही तुला रेषा वर ठेवायची असेल तर ठेव. पण किंमत माहीत असू दे.

याच्या अगदी उलट टोकाला प्रशिक्षक दिएगो सिमिओने. २०१३-१४ च्या हंगामात त्याच्या अ‍ॅटलेटिको माद्रिदने ३८ सामन्यांत २६ गोल खाल्ले आणि बार्सिलोना, रेआल माद्रिद दोघांनाही मागे टाकून स्पेनची लीग जिंकली. त्याच्या चार-चारच्या दोन ओळी इतक्या आत आवळलेल्या असत, की विंग, म्हणजे मैदानाच्या दोन्ही कडेच्या पट्ट्या, जवळजवळ मोकळ्याच. कडेवरून गोलसमोर उंच चेंडू, म्हणजे क्रॉस, हवा असेल तर मारा, आत गोदिन आणि मिरांडा उभे आहेत. त्याने विंग सोडली, कारण हवेतल्या चेंडूसाठी त्याचा आपल्या दोन स्टॉपरवर, म्हणजे मधल्या बचावपटूंवर, भरवसा होता. २००४ च्या युरोमध्ये, म्हणजे युरोपातल्या देशांच्या स्पर्धेत, प्रशिक्षक ऑटो रेहागेलच्या ग्रीसने तर चेंडूच सोडला. बाकी युरोप ज्याला जुनाट म्हणत होता ते मॅन-मार्किंग, प्रत्येकाने आपापला माणूस धरायचं, केलं, आणि फ्रान्स, चेक प्रजासत्ताक, पोर्तुगाल या तिघांनाही १-० ने हरवून कप नेला. बाद फेरीत एकही गोल खाल्ला नाही.

तेव्हा ‘मॅन टू मॅन जुनं झालं ना सर?’ हा प्रश्न मला परत विचारू नकोस. जुनं-नवं असं काही नसतं, काय सोडलं आणि का सोडलं एवढंच असतं. प्रशिक्षक हेलेनियो हेरेराच्या इंटर मिलान क्लबने चेंडू आणि मैदानाचा मधला भाग सोडून १९६४ आणि १९६५ चे युरोपियन कप जिंकले. तेच इंटर १९६७ मध्ये त्याच कपच्या अंतिम सामन्यात लिस्बनला सातव्या मिनिटाला पेनल्टीवर गोल करून मागे बसलं आणि स्कॉटलंडच्या सेल्टिकने २-१ ने सामना नेला. पण एका अंतिम सामन्यावरून हेरेराला मूर्ख ठरवणाऱ्यांशी माझं कधी पटलं नाही.

का पटलं नाही, तेही सांगतो. मी पेठेतल्या एका संघाला शिकवायचो तेव्हा माझे दोन्ही स्टॉपर उंच होते, गोलरक्षक हवेत पक्का होता आणि हाफ बॅक, म्हणजे मधल्या फळीतले खेळाडू, मात्र धावायला कमी पडत. मी मधला भाग भरला आणि विंग सोडली. मुलांना पटवून सोडली. महिनोन् महिने ते चाललं. मग एका मोठ्या सामन्यात क्रॉसवरून दोन गोल बसले आणि मध्यंतरातच मंडळातली वडीलधारी माणसं खाली आली, ‘विंगला माणूस लावा.’ मी लावला नाही. लावला असता तर तो मधूनच काढावा लागला असता आणि समोरचा सगळ्यात चांगला खेळाडू तिथेच उभा होता. आम्ही हरलो. पुढच्या हंगामाला मला बोलावणं आलं नाही आणि माझ्या नावापुढे ‘हट्टी’ लागलं ते आजतागायत आहे. त्याचं मला काही नाही. वाईट वाटतं ते त्या पोरांचं. पुढे दर सामन्याला नवी मांडणी, दर सामन्याला नवा दोषी, आणि त्यातल्या एका स्टॉपरने तर खेळणंच सोडलं. तो क्रॉस त्याची चूक नव्हती. तो मी देऊ केलेला क्रॉस होता आणि त्याची जबाबदारी माझी होती. हे त्याला कुणी सांगितलं नाही, आणि सांगायला मी तिथे नव्हतो.

म्हणून तुझ्याशी इतकं कडक बोलतोय. सोडलेल्या जागेतून गोल झाला तर तो तुझा, मुलीचा नव्हे. हे पहिल्याच दिवशी सगळ्यांसमोर बोल. आणि मुख्य प्रशिक्षकांना सामन्याआधी सांग, ‘आपण हे देणार आहोत.’ ते नाही म्हणाले तर तेव्हाच भांडून घे. मध्यंतरात नको.

आता तुझ्या संघाकडे बघू. तू लिहिलंयस की मधली बचावपटू हुशार आहे पण वळायला जड, आणि गोलरक्षक चपळ असली तरी उंचीने कमी. मग पाठीमागची जागा कशी सोडणार? आणि गोलसमोरचा क्रॉस तरी कसा सोडणार? मला विचारशील तर लांबून मारलेला फटका सोड आणि विंगला चेंडू गेला की तिथे दोघी पाठव. पण मी तुझ्या मुलींना खेळताना पाहिलेलं नाही, तू पाहिलंयस. त्या गोलरक्षक मुलीला बाजूला घेऊन विचार, तिला सगळ्यात कशाची भीती वाटते. ती जे सांगेल ते सोडायचं नाही. उरलेल्यातून निवड, आणि मंगळवारच्या सरावाआधी मला एका ओळीत कळव. चित्र नको.

तुझा,
सर