गोचिडांवर पीएचडी करायला इंदूरहून अमेरिकेला यायचंय, त्या मुलीसाठी

अगं, तू तीन गोष्टी विचारल्यास. ऑफर घेऊ का, आपल्यासारख्यांना तिथे बरोबरीनं वागवतात का, आणि पुढे माळव्यातल्या गुरांवर काम करता येईल का. मी इंदूरजवळच्या महूच्या व्हेटर्नरी कॉलेजातून निघाले त्याला नऊ वर्षं झाली, इथे गोचिडांवरच काम करते, म्हणून जरा लांबलचक लिहितेय, वेळ काढून वाच.

ऑफर घे, पण हो म्हणायच्या आधी लॅबमधल्या मुलांशी फोनवर बोल, गाईडशी काय सगळेच गोड बोलतात. आत्ताचे दोघं आणि सोडून गेलेला एक तरी गाठ. फंडिंग किती वर्षांचं पक्कं आहे, उन्हाळ्यात पगार मिळतो का, हे विचारच, पण त्याहून महत्त्वाचं म्हणजे दुसऱ्या देशातून सॅम्पल आले तर ते काढणाऱ्याचं नाव पेपरात कुठे येतं, लेखकांत की आभारात, हे विचार. उत्तर देताना समोरचा अडखळला की समजून घे.

माझ्या दुसऱ्या वर्षीची गोष्ट आहे. आपल्याकडच्या दोन गोसेवकांनी, म्हणजे गावात गुरांवर प्राथमिक उपचार करणाऱ्यांनी, भर पावसात गोठ्या-गोठ्यांत फिरून गोचीड गोळा केले, कुठल्या गाईला कधी ताप आला हेसुद्धा त्यांनीच सांगितलं, आणि पेपर आला तेव्हा त्यांची नावं शेवटी आभाराच्या एका ओळीत. मी ज्युनियर होते, बोलले नाही, अजूनही ते मनाला लागतं. आता कुठलंही काम सुरू व्हायच्या आधी लेखक कोण, डेटा कोणाकडे राहणार, सॅम्पल कुठे राहणार हे मी लिहून घेते, आणि कोणी त्याचं वाईट मानलेलं मला आठवत नाही.

आणि हे काही उपकार म्हणून करायचं नाहीये, ह्याशिवाय सायन्सच अर्धवट राहतं. क्यासनूर फॉरेस्ट डिसीजचं बघ ना. १९५७ साली कर्नाटकातल्या शिमोग्याच्या जंगलात माकडं पटापट मरायला लागली, पुण्याच्या व्हायरस रिसर्च सेंटरच्या लोकांनी व्हायरस शोधला, तो गोचिडातून पसरतो हे कळलं. पण माणसाला तो होतो कसा हे समजायला जंगलात गुरं चारणारा, पाला गोळा करायला जाणारा माणूसच लागतो. गुरं जंगलात चरली की त्यांच्या रक्तावर गोचीड वाढतात, म्हणजे व्हेट पाहिजे, कीटकवाला पाहिजे, डॉक्टर पाहिजे आणि तो गुराखीही पाहिजे. इथल्या लाइम रोगाचंही तसंच, तोही गोचिडांमुळेच होतो. १९७५ च्या सुमारास कनेक्टिकटच्या लाइम गावात पॉली मरे ह्या एका आईनं, इतक्या मुलांचे सांधे एकदम कसे सुजतात म्हणून नोंदी ठेवल्या आणि पाठपुरावा केला, तेव्हा कुठे तपास लागला. पुढे त्याचा जंतू सापडला तो विली बर्गडॉर्फरना, ते मूळचे स्वित्झर्लंडचे, म्हणजे तेही आपल्यासारखे बाहेरून आलेले, आज जंतूला त्यांचंच नाव आहे.

तुझं इंग्रजी अडतं म्हणतेस, ते सहा महिन्यांत सुटेल. पण तू घरी गोचीड म्हणतेस, गोठ्यात गेल्यावर किलनी म्हणतेस, समोरचा माळवीत बोलला तरी कळतं, आणि म्हणून मालक तुला खरं सांगतो की औषध दोनदाच लावलं आणि मग सोडून दिलं. ही माहिती इथे कुठल्याच मशीनमध्ये निघत नाही. २०२० च्या डिसेंबरअखेर आपल्या इंदुरात कावळे मरायला लागले तेव्हाही आधी लक्षात आलं ते रोज तिथे वावरणाऱ्यांच्या, भोपाळच्या लॅबनं एच५एन८ हा बर्ड फ्लूचा व्हायरस नक्की केला तो नंतर.

आता एक फार कोणी सांगत नाही अशी गोष्ट. आपल्या २००२ च्या जैवविविधता कायद्यानुसार इन्कम टॅक्सच्या हिशोबात एनआरआय झालेला भारतीयसुद्धा भारतातल्या जीवांवर संशोधन करायचं तर परवानगीच्या बाबतीत परदेशी माणसासारखाच धरला जातो, म्हणजे चेन्नईच्या राष्ट्रीय जैवविविधता प्राधिकरणाची आधी मंजुरी लागते. सुट्टीत घरी आले, बाटलीत चार गोचीड घेतले आणि बॅगेत टाकून परत निघाले, असं अजिबात करू नकोस. महूत किंवा तुझ्याच कॉलेजात एखाद्या सरांना किंवा मॅडमना खरा भागीदार कर, नावापुरता नाही, टेस्ट शक्य तेवढ्या तिथेच होऊ देत, तिथली एखादी मुलगी त्यात शिकू दे.

फील्डवर एकटी जाऊ नकोस. इथे पांढरं कापड गवतावरून ओढत गोचीड पकडतात, बऱ्याच जागा खाजगी असतात, आणि खेड्यात सावळी मुलगी झुडपात काहीतरी करतेय म्हटल्यावर कोणीतरी गाडी थांबवून चौकशी करतोच, माझ्याबाबतीत झालंय. युनिव्हर्सिटीचं जॅकेट, मालकाच्या परवानगीचा कागद आणि सोबत एक जण, हे लॅबकडून हक्कानं माग. ज्याला कोणी कधी अडवलं नाही त्याला हे सुचत नाही, सांगितलं की बहुतेक जण ऐकतात. आणि गाडी चालवायला तिथूनच शिकून ये, छोट्या गावात बस धरून जंगलात जाता येत नाही.

निघायच्या आधी महिनाभर हातात असेल तर महूच्या आसपासच्या दहा-बारा गोठ्यांत जा, कुठल्या महिन्यात किलनी जास्त, कोणतं औषध आता चालेनासं झालं, ते वहीत लिहून घे. आणि ऑफर लेटर मला पाठव, फंडिंगचा भाग आपण फोनवर दोघी मिळून वाचू.