पोरीला ‘जंगल बुक’ आधी वाचायला द्यावं की १९६७चा कार्टून सिनेमा दाखवावा?

ताई, आधी पुस्तक द्या. गोष्ट आपल्याच भागातली आहे; त्यातली वैनगंगा शिवनीहून पुढे भंडाऱ्याकडे येते, ती हीच.

शेरखानाचा शेवट दोन्हीकडे निराळा. सिनेमात त्याच्या शेपटीला जळती फांदी बांधली की तो पळून जातो. पुस्तकात मोगली गावाच्या म्हशी राखतो. अकेला लांडगा कळप फोडतो, म्हशी-वगारी घळीच्या खालच्या तोंडाशी आणि हेले वरच्या. वाघ डुक्कर खाऊन, पाणी पिऊन सुस्तावलेला, त्याला कडा चढवत नाही. मग मोगली रामा नावाच्या हेल्यावर बसून हेल्यांचा कळप वरून सोडतो. आपल्याकडच्या पोट्ट्यांना हे समजावून सांगावं लागत नाही.

का अजगर सिनेमात खलनायक, पुस्तकात मात्र माकडांच्या तावडीतून मोगलीला सोडवणारा. भालू तर चक्क कडक मास्तर! लुई राजा पुस्तकात नाहीच, आणि ओरांगउटान भारतात असतो तरी कुठे? गाणी मात्र झकास, त्यासाठी सिनेमा नंतर दाखवाच.

१८९४च्या या पुस्तकात मोगलीच्या गोष्टी पहिल्या तीनच आहेत. तेवढ्या आधी वाचून दाखवा.