वाचकांचे प्रश्न : गोळी एक, औषधे दोन

गेल्या महिनाभरात या सदराकडे आलेल्या पत्रांपैकी पाच पत्रे एकाच जातीच्या गोळीविषयी होती, म्हणून या वेळी दुसरा विषय न घेता त्यांनाच उत्तरे देत आहे. ट्रॅमाडॉल आणि पॅरासिटामॉल, किंवा कोडीन आणि पॅरासिटामॉल, अशी दोन औषधे एकत्र असलेली ही वेदनाशामक गोळी हाड मोडल्यावर, शस्त्रक्रियेनंतर किंवा कंबर धरल्यावर पुष्कळदा लिहून दिली जाते. यातले ट्रॅमाडॉल किंवा कोडीन हे ओपिऑइड, म्हणजे अफूच्या वर्गातले औषध. पॅरासिटामॉल मात्र तेच, जे आपण तापासाठी घेतो. माझे अर्धे आयुष्य नाशिकमध्ये औषधांच्या काउंटरमागे गेले आहे, आणि तिथे रोज दिसते ते हे की माणसे गोळ्या मोजतात, गोळीतली औषधे मोजत नाहीत.

प्रश्न : माझ्या सासूबाईंचे वय ७१ आणि वजन जेमतेम ४३ किलो आहे. गुडघेदुखीसाठी डॉक्टरांनी त्यांना ट्रॅमाडॉल-पॅरासिटामॉलची एक गोळी दिवसातून तीनदा, पाच दिवसांसाठी लिहून दिली. द्राक्षबागेत छाटणी चालू असल्याने आम्ही दोघे सकाळीच मळ्यात जातो आणि त्या आपल्या हाताने गोळ्या घेतात. मध्येच सर्दी-ताप आला म्हणून त्यांनी घरातली सर्दीची गोळी तीनदा आणि तापाची ६५० ची गोळीही तीनदा, अशी दोन दिवस घेतली. आता त्यांना गरगरते आणि मळमळते. हे गोळ्यांमुळे असेल का? *(एक वाचक, निफाड तालुका)*

उत्तर : पत्र मिळाले त्याच दिवशी तुम्हाला फोनवर सांगितले, की पॅरासिटामॉल असलेल्या सगळ्या गोळ्या थांबवा आणि त्यांना लगेच डॉक्टरांकडे नेऊन रक्तातून यकृताची तपासणी करून घ्या. तसे का सांगितले, ते इतर वाचकांसाठी मांडतो.

सासूबाईंच्या वेदनाशामक गोळीत ट्रॅमाडॉल ३७.५ मिलिग्रॅम आणि पॅरासिटामॉल ३२५ मिलिग्रॅम आहे. तीन गोळ्यांचे पॅरासिटामॉल झाले ९७५ मिलिग्रॅम. तुम्ही पाकिटाचे छायाचित्र पाठवले त्या सर्दीच्या गोळीत ते ५०० आहे, म्हणजे तिनांचे १५००. आणि तापाच्या तीन गोळ्यांचे १९५०. बेरीज ४४२५ मिलिग्रॅम होते. धडधाकट प्रौढ माणसासाठीसुद्धा दिवसाची कमाल मर्यादा ४००० मिलिग्रॅम मानली जाते, आणि पन्नास किलोंपेक्षा कमी वजनाच्या, वयस्कर, नीट जेवण न जाणाऱ्या किंवा यकृताचा आजार असलेल्या व्यक्तीसाठी डॉक्टर ती याहून बरीच खाली ठेवतात. सासूबाईंनी एकही गोळी चोरून किंवा चुकून घेतलेली नाही. तीन वेगळ्या नावांच्या, तीन वेगळ्या रंगांच्या गोळ्या त्यांनी तीन वेगळ्या दुखण्यांसाठी घेतल्या, आणि औषध मात्र तिन्हींत एकच निघाले.

पॅरासिटामॉल जास्त झाले की ते यकृताला अपाय करते, आणि यातली सर्वांत फसवी गोष्ट ही की पहिल्या दिवशी माणूस ठीक दिसतो किंवा फार तर मळमळ होते. यकृत बिघडल्याची लक्षणे एक-दोन दिवसांनी वर येतात. यावर एन-अ‍ॅसिटिलसिस्टीन हा उतारा आहे, पण एकदम जास्त मात्रा पोटात गेली असेल तर तो पहिल्या आठ तासांत दिल्यास सर्वाधिक उपयोगी पडतो, म्हणून ‘बघू सकाळी’ असे म्हणत घरी थांबू नये.

गरगरण्याचे कारण बहुधा ट्रॅमाडॉल आहे. सुरुवातीच्या दिवसांत मळमळ, गुंगी आणि चक्कर येणे हे त्याचे नेहमीचे परिणाम आहेत, परंतु सत्तरीच्या माणसाला रात्री लघवीला उठताना आलेली एक चक्कर खुब्याचे हाड मोडायला पुरेशी असते. त्यामुळे औषध चालू असेपर्यंत रात्री बारीक दिवा चालू ठेवावा, आणि उठताना आधी काठावर मिनिटभर बसायला सांगावे. मूत्रपिंडाचे काम मंदावलेले असेल तर हे औषध शरीरात जास्त काळ रेंगाळते आणि दोन गोळ्यांमधले अंतर वाढवावे लागते. मधुमेहावर गोळ्या चालू असतील तर ट्रॅमाडॉलमुळे साखर एकाएकी उतरू शकते. या दोन्ही गोष्टी लिहून देणाऱ्या डॉक्टरांना ठाऊक असायला हव्यात.

एक सोपी सवय सुचवतो. भिंतीवरच्या दिनदर्शिकेत आपण दुधाचा हिशेब मांडतो, तशी त्याच चौकोनात प्रत्येक गोळीची वेळ आणि तिच्यातले पॅरासिटामॉल किती ते लिहा. सासूबाईंना लिहिणे जमत नसेल तर मळ्यात निघताना दिवसभराच्या गोळ्या वाटीत काढून ठेवा आणि बाकीची पाकिटे वर, कुलपात ठेवा. आणखी एक विनंती सर्वच वाचकांना आहे, की दुकानदाराला स्ट्रिप कापून मागू नका. मागे एक आजोबा रुमालात गुंडाळलेल्या चार गोळ्या घेऊन आले होते. कापलेल्या तुकड्यावर नावातली शेवटची ‘डॉल’ एवढीच अक्षरे उरली होती, आणि ते त्या पॅरासिटामॉल समजून दर चार तासांनी घेत होते. कापावीच लागली तर नाव, मात्रा आणि मुदतीची तारीख असलेला तुकडा शेवटपर्यंत सांभाळा.

प्रश्न : मी सातपूरच्या एका कारखान्यात प्रेस मशीनवर काम करतो. मणक्याची गादी सरकल्यामुळे चार महिन्यांपूर्वी हीच गोळी दहा दिवसांसाठी मिळाली होती. दुखणे राहिले, म्हणून मी घेत राहिलो. आता रोज सहा लागतात. एक दिवस नाही घेतली तर घाम फुटतो, जांभया येतात, नाक गळते, पाय तळमळतात. नेहमीचा मेडिकलवाला आता चिठ्ठीशिवाय देत नाही. पाकिटातल्या कागदावर आठपर्यंत चालतात असे लिहिले आहे, तरी मी व्यसनी झालो का? घरी कोणाला सांगितलेले नाही. *(एक वाचक, सातपूर)*

उत्तर : हे पत्र लिहायला तुम्हाला किती धीर करावा लागला असेल, याची मला कल्पना आहे. तुम्ही सांगता ती लक्षणे शरीराला औषधाची सवय झाल्याची आहेत. ओपिऑइड काही आठवडे रोज पोटात गेले की कोणाचेही शरीर, मग तो कितीही निग्रही असो, त्यावर अवलंबून राहू लागते आणि ते न मिळाले की घाम, जांभया, जुलाब, अंगावर काटा, झोप उडणे अशा रूपाने तक्रार करते. व्यसन त्याच्या पुढचे: औषधापायी काम, घर, पैसा विस्कटत असूनही ते मिळवण्यामागे मन धावत राहणे. तुम्ही नेमके कुठे आहात हे समोर बसून बोलल्याशिवाय कोणीही सांगू नये, आणि मीही सांगणार नाही. पण दोन्ही अवस्थांवर उपचार आहेत आणि दोन्हींत लाज वाटण्यासारखे काही नाही.

कागदावरची आठ गोळ्यांची मर्यादा ही नव्याने उठलेल्या दुखण्यासाठी, थोड्या दिवसांपुरती आणि बाकी प्रकृती चांगली असलेल्यांसाठी आहे; चार महिने रोज घेण्याची ती परवानगी नव्हे. सहा गोळ्यांत दिवसाला २२५ मिलिग्रॅम ट्रॅमाडॉल तुमच्या पोटात जाते. ४०० च्या वर गेल्यास झटके येण्याचा धोका चांगलाच वाढतो, आणि पूर्वी कधी आकडी आली असेल, डोक्याला मार लागला असेल किंवा दारू चालू असेल तर त्याच्या आतही येऊ शकतात. शिवाय दीर्घकाळ घेतलेले ओपिऑइड कधी कधी वेदना कमी करण्याऐवजी शरीराला वेदनेविषयी अधिक हळवे करून ठेवते. गोळीचा अंमल उतरताना होणारी अंगदुखी माणसाला मूळ कंबरदुखीच वाटते, आणि त्या समजुतीने तो पुढची गोळी घेतो.

तरीही उद्यापासून एकदम बंद करू नका. डॉक्टर मात्रा टप्प्याटप्प्याने, काही आठवड्यांत उतरवतात आणि लक्षणे उठली तर तिथेच थांबून मग पुढे जातात. चार महिन्यांचा खरा आकडा त्यांना सांगा. लाजून तीनच घेतो म्हणालात तर ते तीनवरून उतरवायला लागतील आणि त्रास तुम्हालाच होईल. अस्थिरोगतज्ज्ञांकडे बोलणे अवघड वाटत असेल तर जिल्हा रुग्णालयातील मानसोपचार विभागात जा, किंवा व्यसनमुक्तीसाठीच्या १४४४६ आणि मानसिक आरोग्यासाठीच्या टेलिमानस १४४१६ या शासकीय क्रमांकांवर आधी बोला. कंबरेसाठी व्यायामोपचार आणि इतर औषधे आहेत, आणि इतक्या लांबलेल्या दुखण्यात मुख्य भर त्यांच्यावरच असायला हवा. तोवर प्रेस मशीनवर गुंगीत हात घालू नये म्हणून पर्यवेक्षकांना एवढे तरी सांगा, की झोप आणणारे औषध चालू आहे. घरातल्या एका माणसालाही सांगा.

मेडिकलवाल्यावर रागावू नका. ट्रॅमाडॉल आणि कोडीन ही औषधे २०१४ पासून एच-१ अनुसूचीत आहेत. चिठ्ठीशिवाय ती देता येत नाहीत, आणि देताना रुग्णाचे, डॉक्टरांचे व औषधाचे नाव आणि संख्या वेगळ्या नोंदवहीत लिहून ती तीन वर्षे ठेवावी लागते. २०१८ साली ट्रॅमाडॉल अमली पदार्थविरोधी कायद्याखालीही आले. चार महिने ज्याने बिनचिठ्ठीची गोळी दिली त्याने तुमचे भले केले नव्हते, हे मी आमच्याच व्यवसायाविषयी खेदाने लिहितो.

प्रश्न : गोळी सुरू झाल्यापासून शौचाला होतच नाही. इसबगोल घेऊ का? *(एक वाचक, देवळाली)*

उत्तर : ओपिऑइड आतड्यांची हालचालच मंद करते, त्यामुळे निव्वळ इसबगोलाने मल फुगून पुढे न सरकण्याची भीती असते. डॉक्टरांना विचारून आतडी हलवणारे किंवा मल मऊ करणारे औषध घ्या आणि पाणी भरपूर प्या. पोट फुगून उलट्या होऊ लागल्या तर थांबू नका.

प्रश्न : वडील ६४ वर्षांचे आहेत. नैराश्यासाठी दोन वर्षे पॅरॉक्सेटिन आणि रात्री झोपेसाठी क्लोनाझेपाम घेतात. खांद्यासाठी दुसऱ्या डॉक्टरांनी ट्रॅमाडॉलची गोळी दिली आहे. गुण येत नाही म्हणून वडील एक जादा घेऊ म्हणतात. *(एक वाचक, पंचवटी)*

उत्तर : जादा गोळी घेऊ देऊ नका, आणि पुढची गोळी देण्यापूर्वी दोन्ही डॉक्टरांशी बोला. यात तीन गुंते आहेत. ट्रॅमाडॉल यकृतात बदलून त्याचे जे रूप तयार होते तेच वेदना मुख्यत्वे शमवते, आणि पॅरॉक्सेटिन नेमका तो बदल अडवते. वडिलांना गुण येत नाही याचे कारण बहुधा हेच आहे, आणि जादा गोळीने ते दूर होणार नाही. दुसरे, दोन्ही औषधे मेंदूतले सेरोटोनिन वाढवतात. ते फार वाढले तर हातपाय थरथरणे, स्नायू आखडणे, घाम, ताप, जुलाब, छातीत धडधड आणि अस्वस्थ बडबड सुरू होते, आणि ही अवस्था जिवावर बेतू शकते. तिसरे क्लोनाझेपाम. झोपेची गोळी आणि ओपिऑइड, त्यात दारू मिसळली तर अधिकच, दोन्ही मिळून श्वास मंद करतात.

वडील हलवूनही जागे होत नाहीत, श्वास फार सावकाश किंवा घरघरत चालला आहे, ओठ निळसर आणि बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या दिसतात, असे कधी आढळले तर १०८ ला फोन करा, त्यांना कुशीवर वळवा, तोंडात पाणी, लिंबू, कॉफी काही घालू नका आणि सगळ्या गोळ्यांची पाकिटे सोबत न्या. नैराश्याचे औषध मात्र आपल्या मनाने बंद करू नका. तेही एकदम तोडल्यास त्रास होतो. खांद्यासाठी दुसरे वेदनाशामक शोधणे हाच सोपा मार्ग आहे. इथून पुढे दोन्ही डॉक्टरांच्या चिठ्ठ्या एकाच पिशवीत ठेवा आणि कोणाकडेही जाताना ती अख्खी पिशवी न्या.

प्रश्न : माझा हात मोडला तेव्हाच्या सहा गोळ्या उरल्या आहेत. तेरा वर्षांच्या मुलाची दाढ ठणकते आहे. अर्धी देऊ का? नाहीतर टाकायच्या कुठे? *(एक वाचक, नाशिक रोड)*

उत्तर : अर्धीही देऊ नका. बारा वर्षांखालील मुलांना ट्रॅमाडॉल आणि कोडीन देऊच नये, आणि त्यावरील वयातही मोठ्यांची उरलेली गोळी हा उपाय नाही. काही मुलांचे यकृत या औषधाचे तीव्र रूप फार झपाट्याने तयार करते, त्यामुळे नेहमीच्या मात्रेतही श्वास मंदावू शकतो; कोणाचे मूल तसे आहे हे बाहेरून कळत नाही. अंगावर पाजणाऱ्या आईने ही गोळी टाळायची तेही याच कारणाने. मुलाला त्याच्या वजनाप्रमाणे साधे पॅरासिटामॉल द्या आणि उद्या दंतवैद्यांकडे न्या.

उरलेल्या औषधांपैकी बहुतेक औषधे मोरीत किंवा नदीत टाकायची नसतात. मुदत संपलेल्या सिरपच्या बाटल्या आणि इतर गोळ्या घंटागाडीत ओल्या-सुक्यापासून वेगळ्या, घरगुती घातक कचरा म्हणून द्याव्यात. या गोळीचे मात्र वेगळे आहे. केंद्रीय औषध मानक नियंत्रण संघटनेने २०२५ साली काढलेल्या सूचनांत ज्या मोजक्या औषधांना शौचालयात टाकून पाणी सोडायला सांगितले आहे, त्यांत ट्रॅमाडॉल आहे. गोदावरीकाठी राहणाऱ्या आपल्याला ते खटकते, मलाही खटकले. परंतु कचऱ्यातून किंवा कपाटातून ती गोळी एखाद्या मुलाच्या हाती लागण्याचा धोका त्याहून मोठा आहे, हा त्यामागचा विचार मला पटतो. तुमच्या सहा गोळ्या पाकिटातून काढून आजच तशा टाका, आणि रिकामे पाकीट सुक्या कचऱ्यात द्या.