ऑक्सिजन सेन्सर बदलण्याआधी

चेक इंजिनचा दिवा लागला म्हणून लगेच सेन्सर बदलू नकोस. पेट्रोल नीट जळायला १ किलोमागे साधारण १४.७ किलो हवा लागते. सेन्सर धुरात उरलेला ऑक्सिजन जोखतो: ०.९ व्होल्टच्या आसपास म्हणजे पेट्रोल जास्त, ०.१ म्हणजे कमी. त्यावरून ईसीयू (इंजिनचा कॉम्प्युटर) इंजेक्टर, म्हणजे पेट्रोल फवारणारी तोटी, किती वेळ उघडी ठेवायची ते ठरवतो, म्हणून स्कॅनरवर आकडा सारखा खालीवर नाचतो. नाचलाच पाहिजे! (हे साध्या झिर्कोनिया सेन्सरचं, वाइडबँड या दुसऱ्या प्रकाराचं गणित वेगळं.) गाडी तापल्यावरच बघ, सुमारे ३०० अंश सेल्सिअसखाली सेन्सर मुकाच असतो. आकडा ०.१ लाच अडकला तर आधी एक्झॉस्ट मॅनिफोल्डचं (इंजिनातून धूर बाहेर नेणाऱ्या नळ्यांचं) गॅस्केट, म्हणजे सांधा बंद ठेवणारी पट्टी, तपास. तिथून बाहेरची हवा शिरली की बिचारा सेन्सर खरं बोलूनही बदनाम होतो.